पाना की पानी

प्रवेशाचे दिवस आले की माझं डोकं तापायला लागतं. वसई-विरारकडच्या एका प्रशिक्षण संस्थेत मी मोटर मेकॅनिकचं काम शिकवते. मुलांचा मला त्रास नाही, त्रास आईबापांचा. समोर बसले रे बसले की पहिला प्रश्न, "मॅडम, या लाइनला स्कोप आहे का?" स्कोप म्हणजे काय, तर पोराला पंख्याखाली बसायला मिळेल ना आणि हात काळे होणार नाहीत ना. अहो, हात काळे होऊ द्यायचे नसतील तर इथवर रिक्षाचे धक्के खात आलात कशाला? हे अगदी ओठांवर येतं, पण गिळते. मग माझी टेप सुरू होते. विजेवरच्या स्कूटर आल्यात, त्यांना माणसं लागणार आहेत. स्कॅनर लावून गाडी तपासू शकणारी पोरं मिळत नाहीत. सर्व्हिस सेंटरला चिकटता येतं, कंपनीत जाता येतं, हिंमत असेल तर स्वतःचं शटर उघडता येतं. मान डोलावतात आणि शेजारच्या खोलीत इलेक्ट्रिशियनची चौकशी करायला जातात.

यंदा मात्र आचोळ्याहून एक बाई आली, मुलीला घेऊन. मुलगी गप्प, पण भिंतीपाशी शिकवण्यासाठी कापून ठेवलेल्या इंजिनाकडे टक लावून बघत होती. आईने स्कोपबिकोप काही विचारलं नाही. ती म्हणाली, "शिकेल हो ती. पण पोरीच्या हातात गाडी कोण देईल?"

माझी टेप अडकली. त्या प्रश्नाचं उत्तर मलाच कुणी दिलं नव्हतं. विचार करून सांगते, दोन-चार दिवसांनी या, असं काहीतरी पुटपुटले आणि चहाच्या निमित्ताने उठले.

मी स्वतः याच ट्रेडला शिकले. वर्गात एकटी मुलगी. आमचं घर मूळचं साताऱ्याकडचं, वडील मुंबईत कारकून, विरारला वन रूम किचन. आईला शुद्ध बोलण्याचं भारी वेड. शेजारची मुलं 'पानी' म्हणायची, आणि आमच्यापैकी कुणाच्या तोंडून चुकून तसं निघालं तर ती हातातलं लाटणं खाली ठेवून 'पा-णी' असं घोटवून घ्यायची. मुलीने टायपिंग करावं अशी घरात सगळ्यांची इच्छा होती, नि मी पडले हट्टी. कोर्स पुरा झाला आणि प्रत्यक्ष काम शिकायला एका गॅरेजमध्ये लागले. आगाशीच्या अलीकडे, अर्नाळ्याला जाणाऱ्या रस्त्याला ते गॅरेज होतं. वर पत्रा, समोर चिंच, बाजूला टायरांचा ढीग.

गॅरेजचा मालक अर्नाळ्याचा कोळी. आम्ही सगळे त्याला उस्ताद म्हणायचो. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या मासेमारी, पण ह्या गृहस्थाला होडीत पाय ठेवला की ओकारी यायची. बापाने खूप प्रयत्न केले, शेवटी नाद सोडला आणि किनाऱ्यावरच होड्यांची इंजिनं खोलायला बसवलं. तिथे हात बसला, आणि मग तो ट्रक, टेम्पो, जीप सगळ्यांत घुसला. समुद्राचा विषय निघाला की त्याचं तोंड वाकडं व्हायचं आणि आम्ही मुद्दाम विषय काढायचो.

माझा पहिलाच दिवस. एक टेम्पो तापून आला होता. बॉनेट वर, वाफ निघतेय, शेजारी कुणीतरी पत्रा ठोकतोय, आणि उस्तादचं डोकं पार इंजिनात. आतून आवाज आला, "पानी आन गो." आता माझ्या आईने घडवलेल्या कानाला पिण्याचं ते 'पाणी'. 'न' ऐकू आला म्हणजे तो नट फिरवायचा पानाच असणार, दुसरं काय? मी तत्परतेने विचारलं, "कुठला? बारा-तेरा की चौदा-पंधरा?"

ठोकणारा थांबला. उस्तादने डोकं बाहेर काढलं. माझ्या हातात दोन पाने, चेहऱ्यावर हुशारी. त्याने एकदा पान्यांकडे बघितलं, एकदा वाफेकडे, आणि जो हसायला लागला तो तिथेच चिंचेखाली बसला. मी शरमेने लाल. घरी जाऊन आईवर उगाच खेकसले.

त्या दिवसापासून गॅरेजात पाण्याला पाना म्हणायला लागले. तहान लागली की "जरा चौदा-पंधरा दे", ऊन वाढलं की "पाना पिऊन घ्या रे". खऱ्या पान्यासाठी नुसता आकडा सांगायचा, आणि 'दे'च्या आधी 'जरा' आलं की समजायचं, माठ. बाहेरच्या माणसाला काही कळायचं नाही. एका गिऱ्हाइकाने पाणी मागितलं तर उस्तादने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, हिला साइज सांगा. मी चिडायचे, पाय आपटायचे, पण खरं सांगायचं तर आतून बरंही वाटायचं. माझ्या चुकीवर का होईना, गॅरेजची बोली उभी राहिली होती. त्यांच्यातली झाले होते मी.

एका बाबतीत मात्र नव्हते. ट्रायल.

गाडी दुरुस्त झाली की ती रस्त्यावर फिरवून बघायची, ती ट्रायल. आमच्याकडे ट्रायल फक्त उस्ताद मारायचा. बोळिंजपर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. तो येईपर्यंत कुणी हात धुवायचं नाही असा रिवाज होता. तो उतरला की आम्ही विचारायचं, "काय बोलली?" त्याच्या मते गाडी बोलायची. "बरी बोलते" म्हणाला की गिऱ्हाइकाला किल्ली. "कुरकुरते" म्हणाला की पुन्हा बॉनेट वर. आणि काही न बोलता तंबाखू मळायला लागला तर समजायचं, पहिल्यापासून खोला. ज्याला तो एक दिवस स्वतः किल्ली देऊन म्हणायचा, 'तू मारून ये,' तो त्या दिवसापासून मेकॅनिक. तोपर्यंत सर्टिफिकेट कितीही असोत, तुम्ही आपले मदतनीस. माझ्यानंतर लागलेल्या एका मुलाला वर्षाच्या आत ट्रायल मिळाली. त्या दिवशी उस्तादने भजी मागवली होती. मी एकही खाल्लं नाही.

मला ट्रायल हवी होती. इतकी हवी होती की बसमधून जातानासुद्धा इंजिनाकडे कान लावून मनातल्या मनात 'बरी बोलते, कुरकुरते' करायचे. घरी स्थळं बघणं सुरू झालं होतं. वडील चांगले होते, पण त्यांनाही आधार लागत होता. ते एकदा म्हणाले, तुझा उस्ताद तुला मेकॅनिक मानतो का, तेवढं सांग, मग मी नातेवाइकांचं बघतो. काय सांगणार? मी ताटातला भात चिवडत बसले.

मग मासळीचा एक टेम्पो आला, पार खलास झालेला. उस्तादने तो माझ्यावर सोपवला. इंजिनाचं हेड उतरवण्यापासून टॅपेट लावण्यापर्यंत सगळं मी केलं, कुणाला बोट लावू दिलं नाही. सुरू केला आणि असा गोड चालला म्हणता! मी हात न धुता उभी. ही गाडी माझी आहे, हे चिंचेवरच्या कावळ्यांनासुद्धा कळत होतं. उस्तादने इंजिनाच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर टेकवला, दुसरं टोक कानाला लावून ऐकलं, मान हलवली. मग मला न पाठवता तो स्वतःच चढून निघून गेला.

परत येऊन "बरी बोलते" म्हणाला. मी टायरांच्या ढिगामागे जाऊन रडले. रागाने रडले, हे आधीच सांगते. पुढच्याच महिन्यात हायवेजवळच्या सर्व्हिस सेंटरला नोकरी धरली.

निघताना उस्तादने स्वतःच्या पेटीतला जुना, झिजलेला चौदा-पंधरा माझ्या हातात ठेवला. म्हणाला, तहान लागंल तवा काढ. सगळे हसले. मीही हसले, पण मनात म्हटलं, जाता जातासुद्धा थट्टाच का?

सर्व्हिस सेंटरने मला खूप काही दिलं, नाही म्हणणार नाही. स्वच्छ फरशी, स्कॅनर, प्रशिक्षणाला बाहेरगावी पाठवणं. पावसाळ्यातल्या सोमवारी चिंचोटीचा धबधबा बघून आलेल्या पोरांच्या बाइक्सची रांग लागायची, एअर फिल्टरमध्ये पाणी आणि मालकांची तोंडं केविलवाणी. पण तिथे ट्रायलला वेगळा माणूस होता, ठरलेला, रजिस्टरवर सही करणारा. गाडी काय बोलली हे कुणी कुणाला विचारत नसे. पार्ट बदला आणि पुढची गाडी घ्या. नंतर शिकवण्याची नोकरी मिळाली, लग्न झालं, मुलं झाली. संस्थेत मी रोज पोरांना गाड्या चालवायला देते, स्वतः चालवते, परीक्षा घेते. तरी ते एक राहिलं ते राहिलंच. हसाल, पण चांगला निकाल लागल्याच्या दिवशीसुद्धा ते आठवून मला हुरहुर लागते.

तर, आचोळ्याची ती मायलेक येऊन गेली त्याच आठवड्यात काकीचा फोन आला. काकी म्हणजे उस्तादची बायको. जन्मभर तिने मासळी बाजारात पाटी मांडली, गॅरेजची पायरी कधी चढली नाही. गॅरेज कधीच बंद झालं होतं, आणि वर्षापूर्वी उस्तादला अर्धांगवायूचा झटका आला, एवढं मला ठाऊक होतं. भेटायला एकदा गेलेही होते, तेव्हा तो झोपेत होता. आता काकी सांगत होती की थोडे शब्द परत आलेत, पण एकच धोशा लावलाय. पाना मागतो नि दिला की फेकतो. पेटीतले सगळे देऊन झाले. तू त्याच्या हाताखाली होतीस, त्याला कुठला पाहिजे ते तुला कळेल, जरा येऊन जा बाय.

मला एकदम भरून आलं. कुठला पाहिजे ते मला ठाऊक होतं, निदान तसं वाटलं. घरी शोधाशोध करून तो झिजलेला चौदा-पंधरा काढला, फडक्याने पुसला आणि सुट्टीच्या सकाळी अर्नाळ्याला गेले.

उस्ताद ओट्यावर खुर्चीत होता. अर्धा चेहरा उतरलेला, उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला. समोर त्याची जुनी जीप, धुळीने भरलेली, तो आजारी पडल्यापासून जागची न हललेली. मला बघून त्याचे डोळे ओळखीचे झाले. ओठ हलले. "पाना."

मी पाना त्याच्या डाव्या हातात ठेवला. म्हटलं, बघा, तुमचाच आहे, जपून ठेवलाय. त्याने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि ताकद होती तेवढ्या जोराने फेकला. पाना फरशीवर आपटून जीपखाली गेला. काकीने कपाळावर हात मारला. मला राग आला, लाजही वाटली. अजून थट्टा संपली नाही का ह्याची, असं क्षणभर वाटून गेलं.

मी पाना काढायला वाकले. पाठीमागून पुन्हा तो आवाज, चिडून नव्हे आता, विनवून. "जरा... पाना."

जरा.

मी वाकलेलीच राहिले. मग उठले, सरळ आत गेले, माठातून पेला भरून आणला. काकी म्हणत होती, सावकाश पाज हो, ठसका लागतो. मी बशीत ओतून घोट घोट पाजलं. तो पीत राहिला. अर्धं शर्टावर सांडलं, तरी पीत राहिला. प्यायल्यावर डोळे मिटून घेतले आणि सुस्कारा टाकला. इतके दिवस हा माणूस पाणी मागत होता आणि घरचे त्याच्या हातात लोखंड देत होते. घरचा शब्द पुसला गेला होता आणि माझ्या चुकीचा तेवढा टिकला होता. मी काकीला सगळं सांगितलं, वाफ, टेम्पो, बारा-तेरा, सगळं. ती आधी हसली, मग पदर डोळ्यांना लावून रडली. मीही रडले. या खेपेला रागाने नाही.

रडणं थांबलं तशी माझी नजर जीपकडे जायला लागली. आता समोर बंद गाडी आणि आपण चहा पीत बसायचं, हे मला जमत नाही. बॉनेट उघडलं. एअर क्लीनरमध्ये उंदराने संसार मांडला होता, तो काढला. डिझेलच्या लाइनमधली हवा काढली, रेडिएटर भरला, शेजारच्यांच्या टेम्पोच्या बॅटरीवरून वायर ओढल्या. उस्ताद बघत होता. मी चुकीच्या आकड्याचा पाना उचलला की घशातून खर्र आवाज काढायचा, अगदी पूर्वीसारखा. दुपार टळायला आली तेव्हा जीपने काळा धूर ओकला, दोनदा मेली, आणि सुरू झाली.

मी हात न धुता उभी राहिले. सवय, दुसरं काय. खुर्चीकडे बघत उभी राहिले, आणि मग माझ्या लक्षात आलं की आता तो उठणार नाहीये.

काकी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, तुला तो कधी गाडी घेऊन पाठवायचा नाय ना? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, घरी येऊन मला सांगायचा, रस्त्यात बंद पडली आणि ढकलायची पाळी आली तर लोकं माझ्यावर नाय हसणार, पोरीवर हसणार. मग तिला कोण काम देईल? तिचं नाव नको जायला.

मला काय वाटलं सांगू? आधी संताप आला. अरे, मला विचारायचंस तरी! ढकलली असती मी. बोळिंजपासून ढकलत आणली असती आणि हसणाऱ्यांची तोंडं बघून घेतली असती. तुला भीती वाटली तर ती माझ्या वाट्याला का? आणि त्याच्या मागोमाग, सगळा संताप ओला करत, दुसरं काहीतरी आलं. हा माणूस तंबाखू मळत घरी बसून माझ्या नावाची काळजी करत होता, आणि मी भजी न खाता रुसले होते.

खुर्चीतून खर्र आवाज आला. उस्तादने डावा हात उचलला होता. बोट जीपकडे, मग रस्त्याकडे. तोंड वाकडं करून त्याने शब्द जुळवला.

"तू... मार."

मी चढले. बोळिंजपर्यंत गेले. रस्ता आता रुंद झालाय, दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्यात, आमच्या गॅरेजच्या जागी फर्निचरचं दुकान आहे, चिंच नाही. मागून गाड्या हॉर्न मारत होत्या, मी कुणाला दाद दिली नाही. माझी ट्रायल होती ती, आणि आचोळ्याच्या त्या बाईला द्यायचं उत्तरही. कान इंजिनाकडे, एक डोळा तापमानाच्या काट्यावर, आणि नाक गळत होतं ते वेगळंच. येताना काटा चढायला लागला. रेडिएटरच्या पाइपचं रबर कुजलं होतं, पाणी ठिबकत होतं. मनात धाकधूक की आता खरंच बंद पडते की काय, पण आली बिचारी, दारापर्यंत आली.

मी उतरले. उस्ताद खुर्चीत पुढे झुकून बसला होता, काकीने खांद्याला धरलेलं. उतरणाऱ्याला काय विचारायचं असतं ते आम्हाला ठाऊक होतं, पण ते आम्ही त्याला विचारायचो. आता त्याने विचारलं. एकेक शब्द ओढून काढत.

"काय... बोलली?"

मी बॉनेटवर हात ठेवला, चांगलं भाजलं.

"बरी बोलते, उस्ताद," मी म्हटलं. "जरा पानी मागते."

आईने घोटवलेला शब्द बाजूला ठेवून, आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून, त्याच्यासारखं 'पानी' म्हटलं. त्याचा अर्धा चेहरा हसला. काकी बादली आणायला आत गेली.